अर्धी कमान

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे आस्गर, तुला एवढं मोठं दार दिसलं नाही?" दिसलं हो! दार दिसलं, दाराची कडी दिसली, कडीवरचा गंज दिसला, आणि दाराच्या उजव्या बाजूला जे काही दिसलं ते तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही, पण ते काय होतं हे मी कुणाला सांगू शकत नाही ना, हीच तर सगळी बोंब आहे! तुम्हाला सांगतो, सोफा परवडला.

हसू नका. सतरा वर्षं सोफ्यांचे फोटो काढलेत मी. आमच्याच गावातला फर्निचरचा कारखाना, त्याच्या कॅटलॉगसाठी. दोन माणसांचा सोफा, तीन माणसांचा सोफा, कोपऱ्यात बसणारा सोफा... आणि सोफा कसा असतो? ठेवाल तिथे बसतो. डोळे मिटत नाही. "माझी ही बाजू चांगली येत नाही" म्हणत नाही. त्याला नाव विचारावं लागत नाही, नावात एक अक्षर चुकलं म्हणून त्याची मेहुणी दुसऱ्या दिवशी फोन करत नाही. पण गेल्या वर्षी कारखाना उचलून पोलंडला नेला, सोफे गेले, मी राहिलो, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गावातल्या पेपरात फोटोग्राफर म्हणून लागलो. तीन महिने शिकाऊ. शिकाऊ! माझे गुडघे वाजतात चालताना, आणि मी शिकाऊ!

शिकवणार कोण, तर आयनर. अडतीस वर्षं या पेपरात फोटो काढतोय, नाताळात निवृत्त होणार, आणि जाण्याआधी आपलं सगळं ज्ञान माझ्या टाळक्यात ओतून जायचं असं त्याने ठरवलेलं. पहिल्या दिवशी मला गाडीत बसवलं, दार लावलं आणि म्हणाला, "ऐक. माणसं मोज. नावं लिही, डावीकडून उजवीकडे. मग बटण दाब. आधी बटण दाबलंस तर माणसं पांगतात, आणि पांगलेली माणसं परत त्याच क्रमाने जन्मात उभी राहत नाहीत." मी म्हटलं, आणि उजेडाचं काय? लेन्स कुठली? तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी मंगळावरून आलोय. "उजेड? उजेड असला तर असला. नाव चुकलं तर मेलास."

बरं, कामं तरी कसली! मला वाटलेलं, पेपर म्हणजे आगी, पूर, मोर्चे. कसलं काय! पहिल्या आठवड्यात मोन्सचा भोपळा. मोन्स नावाचा एक गृहस्थ, त्याने दोनशे किलोचा भोपळा पिकवला. त्याच्या शेजारी उभं राहा म्हटलं तर राहीना, म्हणे, "मी त्याच्यापुढे बारीक दिसतो." मग मागे उभा राहिला तर दिसेचना! दीड तास त्या भोपळ्याभोवती प्रदक्षिणा घातल्या मी. पुढच्या आठवड्यात नवा चौक, त्याची फीत कापायला महापौरबाई आल्या, वारा असला सुटला की फीत कात्रीत सापडेना, सहा जणांनी मिळून फीत धरली, आणि आयनर मागून ओरडतोय, "नावं घे! फीत धरणाऱ्यांची नावं घे!" मग बायकांचं गायन मंडळ, एकतीस जणी, तीन रांगा. मी नावं लिहीत सतराव्या बाईपर्यंत पोचलो आणि मधल्या रांगेतल्या दोघींनी जागा बदलल्या, कारण एकीच्या डोक्यावर ऊन येत होतं! तुम्हीच सांगा, कोपऱ्यातल्या सोफ्याने कधी अशी जागा बदललीय? सोफा परवडला हो.

आणि कॉफी! प्रत्येक घरी कॉफी. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की बाई म्हणते, "बरं बाबा, तुला घाई असेल," आणि त्या "बरं बाबा"त एवढं दुःख असतं की माणूस मुकाट बसतो आणि तीन तऱ्हांचे केक खातो. तीन महिन्यांत साडेपाच किलो वाढलो मी. कॅमेऱ्याचा पट्टा दोन भोकं सैल केलाय. पण ते जाऊ दे.

तर आयनरची शेवटची शिकवण, जिने माझा घात केला, ती अशी. मी फोटो आणून संगणकावर लावले की हा मागे येऊन उभा राहायचा, मिशी चावत. "एवढं आभाळ कशाला? आभाळ काय आपल्या पेपराचा वर्गणीदार आहे? काप. ते झुडूप काप. लोक चेहरे बघतात. काप, काप, काप!" म्हणजे मला कापायची सवय लावली ती त्याने. हे मी पुढे बोडिललाही सांगितलं. बोडिल म्हणजे आमची फोटो विभागाची प्रमुख, तिच्याच हातात माझी नोकरी. पण तिने काय ऐकलं असेल असं वाटतं तुम्हाला?

आता मूळ गोष्ट. शनिवार, सकाळचे साडेसहा. गुड्रून आणि क्रेस्टन, लग्नाला पन्नास वर्षं. आमच्याकडे कसं असतं ते काय वेगळं सांगायचं... शेजारीपाजारी आधी तीन संध्याकाळ बसून फरच्या झाडाच्या फांद्यांची कमान बांधतात, कागदाची फुलं लावतात, आदल्या रात्री ती गुपचूप दारावर चढवतात, आणि सकाळी सात वाजता सगळी आळी दाराबाहेर उभी राहून गाणं म्हणते. मग नवराबायको दार उघडून, "अगंबाई, हे काय!" असा चेहरा करतात. गुपचूप कसलं हो! रात्रभर दारावर ठोकाठोक चालू होती! गुड्रूनने केस आदल्या दिवशीच बांधून घेतलेले, क्रेस्टन टाय लावून दाराआड उभा, त्याचा बूट दाराखालून मला दिसत होता. पण "अगंबाई" म्हणायचं ते म्हणायचंच.

तर गाणं झालं, दार उघडलं, "अगंबाई" झालं, आणि मी कॅमेरा लावला. फ्रेम कशी सुंदर! मधे दोघं म्हातारी, वर हिरवीगार कमान, सोनेरी आकड्यात पन्नास. आणि उजवीकडे... उजवीकडे व्हिगो. व्हिगो म्हणजे शेजारच्या ओडाबाईचा नवरा. चांगला माणूस आहे, माझं काही म्हणणं नाही, पण तो बिअरच्या खोक्यावर वाकला होता. पाठ माझ्याकडे. पाठ म्हणतोय मी, काय ते समजून घ्या. आणि पँट वाकल्यावर जशी खाली सरकते तशी सरकलेली. म्हटलं, होईल उभा. नाही झाला. मी अकरा फोटो काढले, अकराच्या अकरा फोटोंत व्हिगो वाकलेला! एका माणसाला एका खोक्यात इतकं काय शोधायचं असतं, मला सांगा? "व्हिगो, जरा सरळ हो," असं म्हणायचं, तर ओडाबाई शेजारी उभी, हातात कडू दारूचे पेले, आणि ती बाई अशी की बारा घरांच्या त्या आळीत पानही तिला विचारून पडतं.

ऑफिसात आलो. आयनर त्या शनिवारी नव्हता. फोटो उघडला. व्हिगो. काय करणार? आठवली शिकवण. काप! उजवी बाजू सफाईने कापली, अगदी दाराच्या मध्यापासून थोडं पुढे, दोघांचे चेहरे मोठे आले, हसताहेत गोड, क्रेस्टनचा टाय सरळ, आणि मी स्वतःच्या पाठीवर शाबासकी देऊन घरी गेलो. पन्नासचा आकडा? तो वर होता. आयनर म्हणतो ना, आभाळ काप? कापलं आभाळ, त्यात गेला आकडा!

सोमवारी पेपर आला. पान नऊ. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन.

"मी ओडा. आम्ही बारा घरांनी तीन संध्याकाळ फांद्या बांधल्या. माझी बोटं अजून काळी आहेत चिकाने. आणि तुमच्या पेपरात अर्धी कमान आलीय. अर्धी! अर्धी कमान कधी बांधतात, माहितेय ना तुला? का तू कुठल्या दुसऱ्या देशात वाढलास?"

माहितेय हो, कुणाला नाही माहीत! अर्धी कमान लग्नाला साडेबारा वर्षं झाली की. तांब्याचं लग्न. चांदीच्या पंचवीस वर्षांचं निम्मं, म्हणून कमानही निम्मी, एका बाजूने चढते, दाराच्या मधोमध येऊन थांबते. चांदीला पूर्ण, सोन्याला पूर्ण. माझ्या स्वतःच्या आईबापांच्या दारावर बघितलीय मी! पण तो फोटो कापताना मला कमान दिसत नव्हती, मला व्हिगो दिसत होता! आता हे ओडाबाईला कसं सांगू? "बाई, तुझ्या नवऱ्याच्या पार्श्वभागापायी मी कमान कापली" असं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच. मी आपला "चुकलं, चुकलं" करत राहिलो.

दिवसभर फोन. खाली लिहिलेलं होतं हो, ठसठशीत, "सोन्याचं लग्न, गुड्रून आणि क्रेस्टन, डावीकडून उजवीकडे." पण वाचतो कोण? सगळे बघतात! दुकानात एका बाईने म्हणे गुड्रूनला गाठलं, "साडेबाराच वर्षं? मग तुमचा मोठा मुलगा अठ्ठेचाळीसचा कसा गं?" दुसरा एक जण म्हणाला, त्या आळीतले लोक आळशी, अर्ध्यातच सोडून दिली कमान. आता ओडाबाईला आळशी म्हणणं म्हणजे... जाऊ दे. सोफा परवडला, सोफा परवडला, एवढंच घोकत होतो मी.

मग बोडिलने बोलावलं. बोडिल ओरडत नाही. ओरडली असती तर माणूस निदान मोकळा झाला असता. ती नुसतं "हं" म्हणते. पेपर पुढे ठेवला. "हं." मी म्हटलं, मूळ फोटो बघ. तिने मूळ फोटो उघडला. बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला. "हा व्हिगो?" म्हटलं, हो. "अकराही फोटोंत?" म्हटलं, अकराही. "हं." आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली, खांदे हलत होते तिचे. पण वळली तेव्हा चेहरा पुन्हा पाटीसारखा कोरा. "आस्गर, शुक्रवारी तुझे तीन महिने भरतात. आयनर जातोय, मला एक माणूस ठेवायचाय, आणि या घडीला तो तू आहेस असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. गुरुवारी जा. पूर्ण कमान, बाराही घरं, सगळ्यांची नावं. शुक्रवारी टेबलावर हवा. आणि केक आण." चूक करणाऱ्याने सगळ्या ऑफिसला केक आणायचा, हा आमच्याकडचा कायदा. म्हणजे नाक आपलंच कापलं जायचं आणि वर गोडही आपणच वाटायचं!

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, कमान आहे ना अजून दारावर? मग काय, पाच मिनिटांचं काम." मलाही धीर आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी कुठून आणायची? घराचं छप्पर गळतंय, पोरगी कॉलेजात... त्या एका कमानीवर टांगलेलं होतं हो सगळं.

गुरुवारी पाच वाजता पोचलो. वळणावरून गाडी आत घातली आणि बघतो तर आळीभर लोक, टेबलं मांडलेली, मीठ लावलेले मासे, बिअर. म्हटलं, वा! माझ्यासाठी जमलेत! आणि मग दाराकडे बघितलं.

कमान उतरवायला घेतली होती त्यांनी. कमान चढवायची मेजवानी तशी उतरवायचीही असते, आणि पाऊस येणार म्हणून ओडाबाईने ती दोन दिवस अलीकडे ओढली होती. उजवी बाजू उतरवून झाली होती. डावी तेवढी उभी. मी सोमवारी छापलं होतं ते गुरुवारी तंतोतंत खरं झालं होतं!

"ये ये!" ओडाबाई म्हणाली. "आता काढ तुझा फोटो. आता नाही तुझं काही चुकणार." सगळी आळी हसली. व्हिगो सगळ्यांत मोठ्याने हसला. व्हिगो! मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. मनात नोकरीला हात जोडले.

तेवढ्यात गुड्रूनने खिडकीतून हाक मारली, "पोरा, आत ये." म्हटलं, आता कॉफी, केक आणि वर बोलणी. आत गेलो. स्वयंपाकघरात क्रेस्टन बसलेला, आणि कपाटाच्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, माझा फोटो. कापून चिकटवलेला. अर्धी कमानवाला.

आता हे मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय, म्हणून तुम्हीही कुणाला सांगू नका. गुड्रून म्हणाली, "आमच्या साडेबाराव्या वर्षी मी या घरात नव्हते. ऑल्बोर्ग शहरात बहिणीकडे होते, पाच महिने. कारण विचारू नकोस."

"कारण मी होतो," क्रेस्टन म्हणाला. एवढंच बोलला तो, सबंध संध्याकाळभर.

"शेजाऱ्यांनी फांद्या आणून ठेवलेल्या," गुड्रून म्हणाली. "मी नाही म्हटल्यावर कुणी एक शब्द विचारला नाही. ओडाने त्या उचलल्या आणि गुलाबांच्या वाफ्यांवर अंथरून टाकल्या, थंडीपासून झाकायला म्हणून. मी परत आले तेव्हा गुलाब जगलेले होते. चांदीचं केलं, सोन्याचं केलं... तांब्याचं तेवढं राहून गेलं होतं. सोमवारी पेपर उघडला तर ते समोर."

तुम्हाला खरं सांगतो, सतरा वर्षांत माझा एकही फोटो कुणी भिंतीवर लावला नव्हता हो! सोफा घेतात, सोफ्याचा फोटो कोण लावतं?

पण गुड्रून फार वेळ हळवी राहणाऱ्यांतली नाही. म्हणाली, "आता तुझं काय? तुला पूर्ण हवीय ना?" मी शुक्रवारचं सांगितलं. तिने एप्रन सोडला, बाहेर गेली आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, "बांधा परत."

काय गलका उठला! ओडाबाई म्हणाली, "डोकं फिरलं का तुझं? मासे उघडे पडलेत!" कुणी म्हणालं कंबर धरलीय, कुणी म्हणालं फांद्या वाळल्यात, व्हिगोने बिअर उघडलेली होती म्हणून त्याचा प्रश्नच नव्हता. गुड्रून म्हणाली, "पोराची नोकरी आहे." आणि ओडाकडे बघितलं. नुसतं बघितलं. दोघींमधे काय गेलं ते मला आता कळतं. ओडाबाईने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग पोराला चढव वर. आमच्यात कुणाचे गुडघे धड नाहीत."

माझे तरी कुठे धड आहेत? पण चढलो. आणि काय सांगू, चढल्यावर हात आपोआप चालायला लागले. सतरा वर्षं सोफ्यामागचे पडदे कुणी बांधले? मीच! तार वळवायची कशी, गाठ मारायची कुठे, वजन कुठल्या खिळ्यावर टाकायचं... खालून ओडाबाई फांद्या देतेय, "डावीकडे! अरे, तिथे फूल लाव! ते पडेल!" पडलं नाही. पाऊण तासात कमान उभी. पहिल्यापेक्षा बरी, हे मी नाही, क्रेस्टनच्या मानेने सांगितलं, ती एकदा हलली.

मग माणसं मोजली. सव्वीस. नावं लिहिली. व्हिगोला डावीकडून दुसरा उभा केला, भिंतीला टेकवून. मी म्हटलं, "व्हिगो, कृपा करून सरळ उभा राहा." ओडाबाई म्हणाली, "तो सरळच असतो!" मी डोळा कॅमेऱ्याला लावला. बटण दाबलं आणि पहिला थेंब पडला.

शुक्रवारी केक नेला, फोटो बोडिलच्या टेबलावर ठेवला. पूर्ण कमान, पन्नासचा आकडा, सव्वीस माणसं, सव्वीस नावं. "हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "नोकरी पक्की. सकाळी ओडाचा फोन आला होता." मी म्हटलं, फोटोबद्दल काय म्हणाली? "फोटोबद्दल काही नाही. म्हणाली, हा माणूस गाठ चांगली मारतो, याला सोडू नका."

अडतीस वर्षांचं आयनरचं ज्ञान, तीन महिन्यांची माझी फरफट, आणि नोकरी मिळाली ती गाठीवर! तरी म्हटलं, असो, आपण आता पेपरचे फोटोग्राफर, रीतसर. संध्याकाळी फोन वाजला. ओडाबाई. "पुढच्या शनिवारी नऊ नंबरात चांदीचं लग्न आहे. तुला यायचंय." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, येतो की, कॅमेरा घेऊन किती वाजता हजर होऊ?

"कॅमेरा राहू दे," म्हणाली, "फोटोला आयनर येतोय. तू शुक्रवारीच ये, शिडी घेऊन."